दोन दवाखान्यांपैकी कुठला? वजनकाटा आणि फ्रीज बघा, पण त्याआधी बोक्याला उचला

प्रश्न थोडक्यात असा आलाय. साताऱ्याजवळच्या एका घरात लॅब्रॅडॉरचं ५० दिवसांचं पिल्लू आणलंय, ब्रीडर म्हणतो एक इंजेक्शन झालंय. जवळपास दोन दवाखाने आहेत, एक नवा एसीवाला, ग्रूमिंग-बोर्डिंग सगळं असलेला, आणि दुसरा जुना, एका खोलीतला. कुठे जावं, खर्च किती धरावा, आणि मागचा कुत्रा गोचीड तापात गेला तेव्हा डॉक्टरांनी तपासण्यांवर तपासण्या करायला लावल्या त्या खरंच लागतात की नुसती लूट असते. आणि मग जाता जाता शेवटी एक ओळ, की बहिणीचा बोका दोन दिवस सारखा त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, होत काहीच नाही, बद्धकोष्ठ असेल तर एरंडेल पाजावं का.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण पिल्लाला वेळ आहे, बोक्याला नाहीये. हे बद्धकोष्ठ नाही असं धरूनच चाला. नर मांजर सारखं कुंथतंय, ओरडतंय, मागचा भाग चाटतंय आणि वाळू कोरडीच राहतेय, म्हणजे लघवी अडकलीय. बोक्याची मूत्रनळी आधीच बारीक, टोकाला अजून निमुळती, त्यात बारीक खड्यांचा गाळ आणि चिकट आव मिळून बूच बसतं. लघवी बाहेर पडली नाही की मूत्रपिंडं बंद पडायला लागतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि ते थेट हृदयावर जातं. दोन दिवस झालेत म्हणताय, म्हणजे आधीच उशीर झालाय. आत्ता हे वाचत असाल तर वाचणं थांबवा आणि बहिणीला फोन करा, जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या, पण निघायच्या आधी विचारा की मांजराला कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालता का, कारण सगळीकडे घालत नाहीत आणि तिथे जाऊन परत फिरण्यात तास जातो. एरंडेल नको, इसबगोल नको, पोट दाबून बघणं तर अजिबात नको, फुगलेली पिशवी फुटू शकते.

मागे एका घरातून माझ्या दवाखान्यात असाच एक बोका आला होता, तीन दिवस त्याला पोट साफ व्हायचं औषध चाललेलं. पोटाला हात लावला तर आत मोसंबीएवढा टणक गोळा, दगडासारखा, ती त्याची लघवीची पिशवी. तो वाचला, पण पाच दिवस सलाईनवर होता. त्याच महिन्यात दुसरा आला तो टेबलवरच गेला, कॅथेटर हातात घेईपर्यंत. म्हणून सांगते, जा.

आता पिल्लाकडे येऊ. मी शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेली, सुरुवातीची काही वर्षं गाई-म्हशी केल्या, गोठ्यात गेलं की लोक माझ्या मागे बघून विचारायचे डॉक्टर कधी येणारेत, मी म्हणायचे आलेत, म्हैस धरा. गेली वीसेक वर्षं कुत्री-मांजरांचा दवाखाना चालवते. त्यामुळे कुठला दवाखाना चांगला हे मला विचाराल तर माझं उत्तर जरा विचित्र वाटेल, आत गेल्यावर दोन गोष्टी बघा, वजनकाटा आणि फ्रीज. सोफा, टीव्ही, भिंतीवरची चित्रं, बिस्किटांचं शेल्फ, हे सगळं नंतर.

वजनकाटा का, तर आमच्याकडे औषधाचा प्रत्येक थेंब किलोवर चालतो. दोन किलोचं मांजर आणि पन्नास किलोचा मॅस्टिफ एकाच दिवशी एकाच टेबलवर येतात, माणसांच्या डॉक्टरांना ही कटकट नाही. जंताची गोळी साधारण दहा किलोला एक, गोचिडाच्या गोळीचे तर खोकेच वजनाप्रमाणे वेगवेगळे, आणि भूल द्यायची असेल तर विचारूच नका. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. नवीन असताना एक जर्मन शेफर्ड होता, दाट केस, रुबाबदार, मी नजरेनेच म्हटलं पस्तीस किलो आणि त्या हिशोबाने भूल दिली, ऑपरेशन नीट झालं, पण गडी जागाच होईना. नंतर काट्यावर ठेवला तर अठ्ठावीस. संध्याकाळी साडेसात वाजेपर्यंत मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होते, गरम पाण्याच्या बाटल्या लावत, हिरड्यांचा रंग बघत. उठला बाबा एकदाचा. त्या आठवड्यात मी मोठा काटा घेतला, आणि तेव्हापासून साधी नखं कापायला आलेला कुत्राही आधी काट्यावर चढतो.

आणि वजन नुसतं डोससाठी नसतं. एक आजोबा त्यांच्या पॉमेरेनियनला दर तीन महिन्यांनी नखं कापायला आणायचे, काही तक्रार नाही, खातोय, भुंकतोय. मागच्या वेळी ६.२ किलो होता, त्या दिवशी ५.३. एवढ्या केसांच्या गोळ्यात नऊशे ग्रॅम कमी झालेले घरात कुणाला दिसणार. पण सहा किलोच्या कुत्र्यातनं नऊशे ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसातनं नऊ किलो गेल्यासारखं आहे. आजोबांना विचारलं पाणी जास्त पितो का, तर म्हणाले हो, उन्हाळा आहे ना. रक्त तपासलं, किडनी. लवकर सापडलं म्हणून पुढे दोन वर्षं बरी गेली त्याची. जुन्या एका खोलीतल्या डॉक्टरांकडे काटा असेल आणि ते तुमच्या कार्डावर दर वेळी वजन लिहीत असतील तर ते माझ्या लेखी नव्या एसीवाल्याच्या बरोबरीचे झाले. उलटंही खरं आहे, नवा आहे म्हणून लुटारू असं काही नसतं.

फ्रीजचं असं आहे की लस २ ते ८ डिग्रीत राहिली तरच ती लस, नाहीतर नुसतं पाणी. आणि गंमत म्हणजे खराब झालेली लस दिसायला तशीच दिसते, पिल्लू रडतंही तसंच, कार्डावर सहीही होते, कळतं कधी तर तीन महिन्यांनी पार्वो, म्हणजे पिल्लांचा रक्ताच्या जुलाबांचा जीवघेणा आजार, झाला की. भारनियमनाच्या दिवसांत मी एकदा अख्खा खोका फेकून दिलाय, पोटात गोळा आला होता पैसे आठवून, पण पर्याय नव्हता. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा की लाईट गेल्यावर लसींचं काय करता. चांगला डॉक्टर याचा राग धरत नाही, उलट इन्व्हर्टर दाखवतो. फ्रीजमध्ये लसीशेजारी कोल्ड्रिंक आणि डबा दिसला तर मात्र मी तिथनं निघेन.

लस देताना बघत जा. मल्टी-व्हॅक्सिन, ज्याला आपल्याकडे सेव्हन-इन-वन, नाईन-इन-वन म्हणतात, त्यात सहसा दोन छोट्या बाटल्या असतात, एकीत पांढरी वाळलेली वडी आणि दुसरीत पातळ द्रव. तो द्रव वडीत सोडायचा, हलकं हलवायचं, लगेच भरून द्यायचं. तुमच्यासमोर बाटली फोडावी, आणि बाटल्यांवरचं स्टिकर, ज्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, ते सोलून तुमच्या कार्डावर चिकटवावं. आता तुमच्या ब्रीडरने दिलेलं कार्ड काढा. त्यावर स्टिकर आहे का, तारीख आहे का, डॉक्टरांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का? नुसतं पेनाने "व्हॅक्सिन डन" लिहिलेलं असेल तर ते झालेलं नाही असं समजा. मी तर तसंच समजते, कारण एक डोस जास्त झाला तर बिघडत नाही, कमी पडला तर पिल्लू जातं. बाय द वे, २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तुमचं ५० दिवसांचं म्हणजे सहा दिवस आधीच आलंय. आता आलंय तर आलंय, पण ब्रीडरच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

एकच इंजेक्शन झालंय, मग परत परत का, हे मला रोज विचारतात. तर पिल्लू जन्मल्यावर आईचा चीक पितं, त्यातनं त्याला आईची प्रतिकारशक्ती उसनी मिळते. ती उसनी शक्ती असते तोवर ती आपल्या लसीलाही मारून टाकते, लस कामच करत नाही. ती कधी संपते? कुणात सहाव्या आठवड्यात, कुणात बाराव्या, कुणात अगदी सोळाव्या, एकाच वेतातल्या दोन भावंडांतही वेगळं असतं आणि बाहेरून बघून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत जायचं, म्हणजे मधली फट जिथे असेल तिथे एक तरी डोस बरोबर बसतो. शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच चुकवतात, कारण तोवर पिल्लू धडधाकट दिसायला लागलेलं असतं. लस द्यायच्या दिवशी जुलाब किंवा ताप असेल तर पुढे ढकला, आणि दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटं दवाखान्यातच थांबा, क्वचित एखाद्याचं तोंड सुजतं, तिथल्या तिथे इंजेक्शन दिलं की उतरतं.

तोवर खाली सोडायचं नाही. म्हणजे घरात कोंडायचं नाही हो, कडेवर घेऊन फिरवा, रिक्षाचा आवाज, शाळेची पोरं, मंदिराची घंटा, सगळं बघू दे ऐकू दे, याच वयात ते पक्कं होतं आणि ज्यांना तीन महिने खोलीत ठेवलं ती पुढे फटाक्यांना पलंगाखाली घुसतात. फक्त रस्त्यावरची जमीन, बागेतली हिरवळ आणि खरं सांगायचं तर दवाखान्याची फरशी, या तीन ठिकाणी पाय टेकवू देऊ नका.

दवाखान्याची फरशी का, कारण पार्वोची सगळी पिल्लं तिथेच येतात ना. हा व्हायरस १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांना मारतोय, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, वर्षभरही. आणि फिनाईलने मरत नाही. हे मी कितीदा सांगितलं असेल. घरात पार्वोचं पिल्लू गेलं, बाई रोज दोनदा फिनाईलने पुसायच्या, महिन्याने दुसरं आणलं, तेही गेलं. त्याला ब्लीच लागतं, सोडियम हायपोक्लोराईट, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आधी घाण पूर्ण धुऊन मग ब्लीच ओतून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. तर दवाखाना बघताना तिसरी गोष्ट ही बघा की रक्ताचे जुलाब लागलेलं पिल्लू कुठे ठेवतात. वेगळी खोली आहे का, की ग्रूमिंगच्या टेबलाशेजारीच सलाईन लटकतंय? नव्या झगमगीत ठिकाणी मी हे पाहिलंय, एका कोपऱ्यात शित्झूला रिबन बांधतायत आणि चार फुटांवर पार्वोची ड्रिप. आणि एका खोलीतल्या जुन्या डॉक्टरांना तर वेगळी खोली आणणार कुठून, पण त्यातले काही शहाणे असे केस संध्याकाळी शेवटी बोलावतात किंवा गाडीतच तपासतात, त्यांना माझा नमस्कार.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग वर्षाने, मग दरवर्षी. यात सूट नाही, रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस काय आणि कुत्रा काय, वाचत नाही म्हणूनच धरा. पैशाची अडचण असेल तर ६ जुलै आणि २८ सप्टेंबर या दोन तारखा लक्षात ठेवा, त्या आसपास बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ही लस फुकट देतात. आणि घरात लहान मुलं असतील तर पिल्लाचे सुईसारखे दात त्यांना लागणारच. "घरचंच आहे, लसवालं आहे" म्हणून हळद लावून सोडू नका, साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून पंधरा, आणि माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पिल्लाची तर रेबीजची लस अजून व्हायचीच आहे.

आता तुमच्या मागच्या कुत्र्याचं. मी त्याचे कागद बघितलेले नाहीत, त्यामुळे त्या डॉक्टरांचं बरोबर-चूक करणार नाही. पण गोचीड ताप म्हणजे एक आजार नव्हे हे आधी समजून घ्या. एकच तपकिरी गोचीड, पण तिच्या तोंडातनं एर्लिकिया नावाचा जंतू येऊ शकतो, बबेसिया नावाचा येऊ शकतो, बबेसियातही मोठा वेगळा आणि छोटा वेगळा, आणि कधीकधी दोन-तीन एकत्र. वरून सगळे सारखेच दिसतात, ताप, खात नाही, मलूल, हिरड्या पांढऱ्या, एखाद्याच्या नाकातनं रक्त. औषधं मात्र वेगवेगळी. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, मोठ्या बबेसियाला वेगळं इंजेक्शन, छोट्या बबेसियाला ते इंजेक्शन नीट चालत नाही, त्याला महागड्या गोळ्यांची जोडी लागते. न तपासता कुठलं देणार? आम्ही कानाच्या टोकाला सुई टोचून एक थेंब काचेवर ओढतो, रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, बबेसिया असेल तर तांबड्या पेशीत दिसतो, पण दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, मग पुढची टेस्ट. आणि प्लेटलेट दोन दिवसांनी परत का बघायला सांगतात, तर पहिला आकडा एकटा काही सांगत नाही, तो चढतोय की उतरतोय त्यावर रक्त चढवायचं की थांबायचं ठरतं. कुत्र्यात साधारण दोन लाखांच्या वर हव्यात, मी वीस हजारांवर आलेला कुत्रा शेपटी हलवत चालत आलेला पाहिलाय.

दुसरं म्हणजे लोक पाचव्या दिवशी येतात. चार दिवस मेडिकलवाल्याने दिलेलं काहीतरी चाललेलं असतं. आणि डॉक्सीचा कोर्स आठव्या दिवशी कुत्रा जेवायला लागला की बंद करतात, आजार दबून बसतो आणि काही महिन्यांनी थेट हाडाच्या मगजावर उतरतो, तेव्हा मग आमच्या हातात फार काही राहत नाही. २८ म्हणजे २८. गोळी जेवणाबरोबर, वर पाणी, दुधातून नको.

तरी माझ्या धंद्यातल्या लोकांनाही एक सांगायचंय. तपासणी सांगताना ती कशासाठी आणि रिपोर्ट आल्यावर आपण वेगळं काय करणार हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती तपासणी लिहू नये. तुम्ही हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा, "हे आलं तर काय करणार, नाही आलं तर काय करणार?" दोन्हीला उत्तर एकच असेल तर तपासणी नको म्हणा.

घरात जुनी गोचीड असणार बरं का, कुत्रा गेला म्हणून ती गेली नाही. एक मादी हजारो अंडी घालते, भिंतीच्या फटीत, फोटोच्या मागे, पलंगाच्या सांध्यात, आणि महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. नवं पिल्लू ही तिच्यासाठी दिवाळी. पिल्लाला वजन आणि वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून गोळी किंवा स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर टाकायचे थेंब, आणि घराला वेगळी फवारणी, पंधरा दिवसांनी परत. गोठ्यातलं गोचिडाचं औषध बादलीत कालवून पिल्लाला अंघोळ घालू नका. आमच्या भागात हे सर्रास चालतं, म्हशीला चालतं तर याला का नाही म्हणे. आणि त्या बादलीत बोका बुचकळला तर तो थरथर कापतच येतो माझ्याकडे, मांजराला ही औषधं सोसत नाहीत.

तसंच घरातल्या गोळ्यांचं. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरेशी आहे, तोंड सुजतं, हिरड्या चॉकलेटी होतात. कुत्र्याला अंगदुखीची माणसांची गोळी दिली की पोटात अल्सर, मागनं काळी शी आणि मग किडनी. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे, ते गिधाडांमुळे, ते औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाऊन गिधाडं मरत होती, पण कुत्र्याच्या किडनीलाही ते तेवढंच वाईट. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरेनहाईट असतं हे माहीत नसल्यामुळे धडधाकट कुत्र्यालाही लोक तापाची गोळी देतात. आणि कॅल्शियमची बाटली! लॅबचं पिल्लू म्हटलं की शेजारचा कुणीतरी सांगतोच. पिल्लांचं चांगलं तयार खाणं देत असाल तर वरून कॅल्शियम नको, मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं जास्तीच्या कॅल्शियमने वाकडी होतात. नुसत्या दूध-पोळीवर वाढवणार असाल तर प्रश्न कॅल्शियमचा नाहीच, अंडं, चिकन, काहीतरी प्रोटीन घाला, आणि दुधाने जुलाब होत असतील तर दूध बंद.

ग्रूमिंग-बोर्डिंगबद्दल मला राग नाही, पण त्यावर दवाखाना निवडू नका. लॅबला महिन्यातून एखादी अंघोळ पुष्कळ झाली, तीही कुत्र्यांच्या शाम्पूने, आणि उन्हाळ्यात टक्कल करून देतो म्हणाले तर नको म्हणा, त्याचे केसच त्याला उन्हापासून वाचवतात. अंघोळीपेक्षा कानात पाणी राहिलं का हे बघा, लटकत्या कानांच्या कुत्र्यांचं निम्मं दुखणं तिथेच असतं. बोर्डिंगला मात्र एक सोपी परीक्षा आहे. ते तुमच्याकडे लसीचं कार्ड मागतात का? न मागता ठेवून घेत असतील तर बाकीच्यांचंही मागितलेलं नाही हे उघड आहे.

खर्च. आमच्या भागात आजच्या घडीला मल्टीचा एक डोस साधारण ६०० ते १०००, रेबीज २०० ते ४००, तपासणी फी वेगळी, पुण्यात गेलात की सगळंच वाढतं. पहिल्या वर्षी लसी, जंताची औषधं, गोचिडाची गोळी मिळून आठ-दहा हजार बाजूला ठेवा आणि तेवढेच अजून अचानकच्या दुखण्यासाठी. पार्वोचं किंवा गोचीड तापाचं ॲडमिशन यापेक्षा सहज जास्त होतं, हिशोब तुम्हीच करा. ॲडमिट करायची वेळ आली तर रोजचा अंदाज आधी लिहून मागा, आणि एवढेच पैसे आहेत हे तोंड उघडून सांगा, आम्हाला आकडा कळला तर त्यात काय आधी करायचं ते ठरवता येतं, लाजून न सांगता तिसऱ्या दिवशी कुत्र्याला घरी नेलं की तो मरतो आणि पैसेही जातात. जिल्ह्याच्या सरकारी पशु सर्वचिकित्सालयातही कुत्री बघतात, केसपेपरचे थोडेसे पैसे लागतात, तिथले डॉक्टर हुशार असतात, फक्त औषधाचा साठा असेलच असं नाही. १९६२ या नंबरवर फोन केला की येणारं फिरतं पथक मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, त्यावर कुत्र्यासाठी विसंबू नका.

डॉक्टर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. (जनावरांच्या डॉक्टरची पदवी) आहेत आणि व्हेटर्नरी काउन्सिलकडे रजिस्टर आहेत एवढं बघून घ्या, १९८४ च्या कायद्याने ते लागतंच. पेट शॉपवाल्याकडून, ब्रीडरकडून किंवा "आमच्याकडचा मुलगा घरी येऊन देतो" अशा कुणाकडून सुई घेऊ नका.

मग दोघांपैकी कोण? मला विचाराल तर रोजच्यासाठी जो जवळ आहे, काटा वापरतो, कार्ड नीट लिहितो आणि रात्री फोन उचलतो तो. आणि एक्स-रे, सोनोग्राफी, ॲडमिशन असलेला दुसरा माहितीत ठेवा, त्याचा रात्रीचा नंबर आजच भिंतीवर लावा. चांगला लहान डॉक्टर स्वतःच चिठ्ठी देऊन मोठ्याकडे पाठवतो. जो कधीच कुणाला पुढे पाठवत नाही त्याची मला भीती वाटते.

पहिल्या भेटीला जाताना पिल्लाला टोपलीत किंवा कडेवर न्या, ब्रीडरचं कार्ड न्या, आणि त्या सकाळची शी छोट्या डबीत घेऊन जा, किळस करू नका, त्यात जंतांची अंडी बघता येतात. जुलाब किंवा उलटी होत असेल तर फोनमध्ये फोटो काढा, "पिवळसर होती" आणि "तपकिरी होती" यावर नवरा-बायकोची माझ्यासमोर भांडणं झालीयत. मागचा कुत्रा गोचीड तापात गेला हे सांगायला विसरू नका, त्यावरनं डॉक्टर घराच्या फवारणीचं आधी बोलतील. डॉक्टरांनी पिल्लाला काट्यावर ठेवलं की आकडा तुमच्याही फोनमध्ये लिहून ठेवा.

आणि बोक्याने लघवी केली का ते आधी कळवा, पिल्लाचे फोटो नंतर पाठवा.